घरच्या रेकॉर्डिंगसाठी व्हीसीआर आणि कोऱ्या कॅसेट: काय बघून घ्याव्यात?

पूर्वरंग (कोपरी, ठाणे पूर्व)

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

घरी २१ इंची ट्यूबचा टीव्ही आहे आणि उत्तम चालतो. आईला पेन ड्राइव्ह, मोबाइल वगैरे नको असतं. कॅसेट घातली, प्ले दाबलं, बघितलं, एवढंच तिच्या हाताच्या सवयीचं आहे. म्हणून सह्याद्री वाहिनीवरचे गाण्याचे आणि कीर्तनाचे कार्यक्रम व्हीएचएसवर घेऊन ठेवायचे आहेत. जुना व्हीसीआर दुरुस्तीपलीकडे गेला, दुसरा घ्यायचा आहे.

सध्या दोन यंत्रं नजरेसमोर आहेत. एक स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडचा व्हीसीपी. ‘रेकॉर्डिंगपण होतं’ असं तो म्हणतो, पण लाल बटण कुठे दिसलं नाही. दुसरा वाशीच्या एका गृहस्थांकडचा, आखातातून आणलेला मल्टिसिस्टीम व्हीसीआर, ४ हेड, हायफाय. त्यांच्याकडेच वीसेक सीलबंद कोऱ्या कॅसेटही आहेत: काही ई-१८०, काही ई-२४०, थोड्या टी-१२०. सगळ्या माळ्यावर खोक्यात होत्या.

कोणतं यंत्र घ्यावं आणि घेण्याआधी काय तपासावं? कॅसेट कोणत्या उचलाव्यात? एलपीवर (टेपच्या निम्म्या वेगाने) घेतलं तर एका कॅसेटमध्ये ६ तास मावतात, ते चालेल का? आणि सेट टॉप बॉक्सवरून जोडणी नेमकी कशी करायची? आगाऊ धन्यवाद.

हेडड्रम (नौपाडा)

व्हीसीपी सोडून द्या. लाल बटण नसेल तर ते नुसतं प्लेअर आहे. रेकॉर्डिंगला वेगळं सर्किट लागतं, आणि ड्रमच्या (टेपवर लिहिणारी-वाचणारी हेडं बसवलेल्या फिरत्या नळकांड्याच्या) आधी जुनं चित्र पुसणारं पूर्ण रुंदीचं इरेज हेड लागतं. नुसत्या प्लेअरमध्ये हे दोन्ही नसतं.

वाशीचा बघायला जाल तेव्हा आधी यंत्र उलटं फिरवून मागची पट्टी वाचा. २२० ते २४० व्होल्ट आणि पाल (आपल्याकडची टीव्हीच्या चित्राची पद्धत), एवढं तिथे हवंच. आखातातून आलेली यंत्रं बहुतेक ११० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे वीजेची अडचण येत नाही. खुद्द जपानच्या बाजारातलं १०० व्होल्टचं किंवा अमेरिकेतलं १२० व्होल्टचं यंत्र मात्र घेऊ नका. ते एनटीएससीत (तिकडच्या टीव्हीच्या पद्धतीत) रेकॉर्ड करतं, आणि चुकून थेट आपल्या सॉकेटला लावलं तर पॉवर सप्लाय जळतो. मल्टिसिस्टीम यंत्रावर पाल, मेसेकॅम (आखाताकडची पद्धत), एनटीएससी असं निवडायचं बटण असतं. ते ‘ऑटो’वर न ठेवता पालवर ठेवा. मेसेकॅमवर राहिलं तर चित्र येतं पण रंग जातात, आणि माणूस उगाच हेडला दोष देतो.

आता ४ हेड आणि हायफाय. दोन्ही शब्द यंत्रावर शेजारी-शेजारी छापलेले असतात, पण तुमच्या कामाला त्यांचं महत्त्व सारखं नाही.

पालमध्ये एसपी, म्हणजे नेहमीच्या, वेगात टेप सेकंदाला २३.३९ मिलिमीटर सरकते आणि ड्रमवरचं हेड तिच्यावर सुमारे ४९ मायक्रॉन रुंदीचे तिरके पट्टे ओढतं. एलपीत टेपचा वेग निम्मा होतो आणि पट्ट्याची रुंदीही निम्मी होते. ४ हेडच्या यंत्रात या अरुंद पट्ट्यांसाठी हेडची वेगळी जोडी असते. एसपीतच रेकॉर्ड करणार असाल तर जादा दोन हेडांचा उपयोग मुख्यतः पॉजमध्ये चित्र स्वच्छ थांबण्यापुरता आहे. असलेलं चांगलंच, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

हायफायची गोष्ट वेगळी. साध्या यंत्रात आवाज टेपच्या वरच्या कडेला, एका स्थिर हेडने, त्याच २३.३९ मिलिमीटरच्या चालीने लिहिला जातो. साधी ऑडिओ कॅसेट सेकंदाला ४७.६ मिलिमीटर सरकते, म्हणजे तिच्याही निम्म्या वेगाने! तंबोऱ्याची आस, टाळांची किणकिण, ‘स’ आणि ‘श’मधला फरक, सगळं तिथे बोथट होतं. हायफायमध्ये आवाजाची हेडं फिरत्या ड्रमवरच बसवलेली असतात. ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, त्यामुळे टेप आणि हेड यांच्यातला वेग सेकंदाला सुमारे ४.८५ मीटर पडतो. गाणं आणि कीर्तन घ्यायचं असेल तर हायफायसाठीच पैसे मोजा. टीव्ही मोनो असला तरी व्हीसीआरच्या ऑडिओ आउटमधून अॅम्प्लिफायर लावता येतो. हायफाय यंत्र साध्या कडेच्या ट्रॅकवरही आवाज लिहितं, त्यामुळे ती कॅसेट दुसऱ्या साध्या व्हीसीआरवरही ऐकू येते.

तपासायला जाताना एक टॉर्च, एक बरी पण जिवापाड जपलेली नसलेली जुनी कॅसेट आणि एक कोरी कॅसेट न्या.

कॅसेट तीनदा आत घाला, तीनदा बाहेर काढा. आत जाताना अडखळली, मोटर फिरल्याचा आवाज आला पण ट्रे हललाच नाही, तर लोडिंगचा बेल्ट सैल आहे किंवा मोड स्विचवर काजळी धरली आहे. मग पूर्ण कॅसेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रिवाइंड करा. शेवटाकडे दमत असेल तर रिळं फिरवणाऱ्या आयडलरच्या चाकाचं रबर गुळगुळीत झालंय. हा दोष रेकॉर्डिंगच्या वेळी जास्त भोवतो. टेप गोळा करणारं रीळ नीट फिरलं नाही की ड्रममागून आलेली टेप आत जमत जाते आणि यंत्र ती ‘खातं’.

पाच मिनिटं प्ले करून कॅसेट बाहेर काढा, बाजूची खिट्टी दाबून झाकण उचला आणि टेपच्या दोन्ही कडा टॉर्चमध्ये बघा. खालची कड दुमडलेली दिसली तर कंट्रोल ट्रॅक गेला. तो सेकंदाला २५ खुणा देतो, आणि त्यांच्यावरच टेपची चाल आणि ट्रॅकिंग (हेडने नेमका पट्टा धरणं) अवलंबून असतं. वरची कड मुडपलेली असेल तर साधा आवाज थरथरतो. कड चावणारं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ते तुमची प्रत्येक कॅसेट चावणार.

मालकांची परवानगी असेल तर वरचं झाकण काढून पिंच रोलर, म्हणजे टेप दाबून पुढे ओढणारं रबरी चाक, बघा. तो मखमली काळा दिसायला हवा. चकचकीत आणि नखाला कडक लागला तर बदलावा लागेल. झाकण काढून प्ले करताना एक लक्षात ठेवा: टेपचं टोक ओळखायला आत प्रकाशाचे सेन्सर असतात. खोलीतला प्रखर दिवा किंवा ऊन थेट त्यांच्यावर पडलं की यंत्राला टेप संपली असं वाटतं आणि ते थांबतं. त्याला बिघाड समजू नका, वर एक जाड पुठ्ठा धरा.

शेवटची आणि सगळ्यात मोठी परीक्षा: कोऱ्या कॅसेटवर एसपीत १० मिनिटं रेकॉर्ड करा आणि त्याच यंत्रावर बघा. मग तीच कॅसेट दुसऱ्या एखाद्या चांगल्या व्हीसीआरवर बघा. आणि दुसरीकडे रेकॉर्ड झालेली जुनी कॅसेट या यंत्रावर बघा. तिन्ही जमलं तर यंत्र घ्या. नुसतं स्वतःचं स्वतः नीट दाखवतंय, यावर भुलू नका.

सेक्टर_आठ (ऐरोली)

हेडड्रम यांनी यंत्राचं सगळं सांगितलंच आहे, मी कॅसेटबद्दल लिहितो.

पहिलं म्हणजे ई आणि टी. ई-१८० म्हणजे पालच्या एसपी वेगात १८० मिनिटं, साधारण २५८ मीटर टेप. टी-१२० हा आकडा एनटीएससीच्या वेगाचा. आपल्या पाल यंत्रात तीच कॅसेट सुमारे १७६ मिनिटं चालते, म्हणजे जवळपास ई-१८०च. वाशीच्या त्या टी-१२० सुस्थितीत असतील तर बिनधास्त घ्या. लोक त्या ‘दोन तासांच्या’ समजून बाजूला ठेवतात.

ई-२४० मी घेणार नाही. तेवढ्याच डबीत सुमारे ३४८ मीटर टेप मावायची तर ती पातळच करावी लागते. ई-१८०ची टेप १९-२० मायक्रॉन जाडीची असते, ई-२४०ची १५-१६. नव्या करकरीत यंत्रात चालून जाते, पण जुन्या यंत्राचा ताण जरा कमी-जास्त झाला की पातळ टेपची कड आधी मुडपते, आणि वारंवार रिवाइंड-पॉज केलं की ती ताणलीही जाते. आईंना पुन्हा-पुन्हा बघायच्या असतील तर ई-१८०च बरी.

आता सीलबंद असणं म्हणजे चांगली असणं नव्हे. मोठ्या कंपन्यांनी कोऱ्या व्हीएचएस बनवणं कधीच थांबवलं, व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिनेही जुलै २०१६मध्ये काम बंद केलं. म्हणजे जे मिळतं ते सगळं जुन्या साठ्यातलं. त्यात नकली मालही असतो. नावाजलेल्या ब्रँडच्या नावाचे बनावट माल आपल्याकडे भरपूर खपले आहेत. वेष्टनावर स्पेलिंगची चूक, फिकट छपाई, डबी हाताला हलकी आणि हलवल्यावर आत खुळखुळणारी, असं काही दिसलं तर ठेवून द्या.

वेष्टन फोडायची परवानगी मिळाली तर एक कॅसेट फोडून अशी बघा. उजव्या कडेची छोटी खिट्टी दाबा, पुढचं झाकण वर करा आणि टेप तिरक्या उजेडात धरा. बोट मात्र लावू नका. चांगल्या हाय ग्रेड टेपचा पृष्ठभाग जवळजवळ काळा आणि आरशासारखा असतो, तुमच्या टॉर्चचा गोळा त्यात स्पष्ट दिसतो. हलकी टेप तपकिरी आणि पिठूळ दिसते, टॉर्चचा गोळा त्यात पसरतो. असा खरखरीत पृष्ठभाग हेड घासतो आणि त्याची भुकटी हेडच्या फटीत बसते. ती फट मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाएवढी असते, ती बुजायला फार काही लागत नाही. मग आवाज येतो आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या.

नंतर खिडकीतून रीळ बघा. टेपची गुंडाळी एखाद्या गुळगुळीत ताटलीसारखी सपाट हवी. मधेच एखादा पदर वर आलेला असेल तर तिथे टेपची कड आधीच वाकलेली आहे. आणि गुंडाळीवर पांढरे ठिपके, जाळी किंवा राखेसारखी बुरशी दिसली तर ती कॅसेट फुकट मिळाली तरी व्हीसीआरमध्ये घालू नका. माळ्यावरच्या खोक्यात वाशीचे इतके पावसाळे काढलेल्या मालात हे मिळणारच. सील असलं तरी हवेतला दमटपणा प्लास्टिकच्या पातळ वेष्टनाने पूर्ण अडत नाही.

हाय ग्रेड, एक्स्ट्रा हाय ग्रेड, हायफाय असली अक्षरं प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने छापली आहेत. एकाच कंपनीच्या दोन दर्जांत तुलना करायला ती ठीक आहेत, दोन कंपन्यांची तुलना त्यांच्यावरून करू नका. आणि सिनेमाच्या छापील कॅसेटची (वर रेकॉर्ड होऊ नये म्हणून ठेवलेली) खाच चिकटपट्टीने बुजवून त्यावर रेकॉर्ड करायचा मोह टाळा. त्यांत लांबी सिनेमापुरतीच कापलेली असते आणि टेप बहुधा स्वस्तातली.

कॅसेट घरी आणल्यावर लगेच रेकॉर्ड करू नका. २४ तास घरात ठेवा, मग एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड करा. वर्षानुवर्षं एकाच ताणात गुंडाळून पडलेल्या टेपचे पदर एकमेकांना धरून बसलेले असतात, ते सुटतात आणि ताण सारखा होतो. सुरुवातीचा एक मिनिट रिकामा सोडा. ड्रॉपआउट म्हणजे चित्रात क्षणभर चमकणाऱ्या पांढऱ्या रेघा तिथेच सगळ्यात जास्त येतात, कारण आत-बाहेर करताना यंत्राची ओढ टेपच्या त्याच भागाला बसते.

एलपीला माझं उत्तर नाही असंच आहे. पट्टा निम्मा झाला की गोंगाट वाढतो, एका यंत्रावरची एलपी दुसऱ्यावर ट्रॅकिंग धरेलच याचा भरवसा नाही, आणि हायफाय सुटलं तर उरलेला साधा आवाज टेलिफोनसारखा येतो.

खाडीकाठ (बेलापूर)

जोडणीचं मी सांगतो.

व्हीसीआरच्या स्वतःच्या ट्यूनरने आता काहीही पकडता येणार नाही. केबल डिजिटल झाली, त्यामुळे अँटेनाची वायर मागच्या आरएफ सॉकेटमध्ये खुपसून उपयोग नाही. सेट टॉप बॉक्सच्या एव्ही आउटमधून पिवळी, पांढरी, लाल अशा तीन वायरी व्हीसीआरच्या एव्ही इनला, आणि व्हीसीआरच्या एव्ही आउटमधून टीव्हीच्या एव्ही इनला. डीडी फ्री डिशच्या साध्या बॉक्सला हे आउट असतंच आणि सह्याद्री त्यावर दिसते, तेव्हा या कामासाठी तो बॉक्स सोयीचा. व्हीसीआरवर चॅनल म्हणून ‘एव्ही’ किंवा ‘एल १’ निवडायला विसरू नका. नाहीतर तीन तास मुंग्याच रेकॉर्ड होतात.

तुमच्या बॉक्सला फक्त एचडीएमआय असेल तर एचडीएमआयवरून एव्ही करणारी छोटी डबी मिळते. तिच्या बाजूला एनटीएससी-पाल अशी सरकपट्टी असते. ती पालवर सरकवा. ती एनटीएससीवर राहिल्यामुळे काळं-पांढरं, लोळणारं चित्र येतं आणि व्हीसीआर बदनाम होतो.

बॉक्सच्या मेनूत चित्राचं प्रमाण ४:३ लेटरबॉक्स ठेवा. १६:९ ठेवलंत तर ट्यूबच्या टीव्हीवर गायक लांबट आणि बारीक दिसतील, आणि एकदा टेपवर तसं गेलं की दुरुस्त करता येत नाही. आवाजाचंही तसंच. बऱ्याच बॉक्सांच्या एव्ही आउटचा आवाज रिमोटच्या व्हॉल्यूमप्रमाणे कमी-जास्त होतो. तो एकदा ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि मग त्याला हात लावू नका. ऐकण्यासाठी टीव्हीचा व्हॉल्यूम वापरा. हायफायला लेव्हलचे दांडे असतील तर गाण्याच्या जोरकस जागी ते शून्याला जेमतेम टेकतील इतपत ठेवा. सतत वर राहिले तर तानेत आवाज फाटतो.

जाहिराती गाळायच्या असतील तर स्टॉप न दाबता पॉज दाबा. पॉजमधून पुढे जाताना यंत्र टेप थोडी मागे घेऊन नवीन पट्टे जुन्यांना जुळवून लावतं. स्टॉप करून पुन्हा रेकॉर्ड केलं तर जोडावर चित्र उडी मारतं. आणि जुन्या रेकॉर्डिंगवरून नवीन घेत असाल तर तिथे काही सेकंद इंद्रधनुष्यासारखे रंग वाहताना दिसतील. कारण इरेज हेड ड्रमच्या काही सेंटिमीटर आधी असतं. त्या दोघांमधल्या टेपवरचं जुनं पुसायचं राहून जातं आणि नवं त्यावरच लिहिलं जातं. ज्या यंत्रात ड्रमवरच फ्लाइंग इरेज हेड आहे त्यात हा त्रास नाही. वाशीच्या यंत्रावर तसं लिहिलंय का, तेवढं बघून घ्या.

पॉज फार वेळ धरून ठेवू नका. टेप जागेवर उभी असते आणि ड्रम तिच्यावर सेकंदाला २५ फेऱ्यांनी घासत असतो. म्हणूनच यंत्र काही मिनिटांनी आपणहून थांबतं.

टायमर लावणार असाल तर बॉक्स चालू आणि सह्याद्रीवरच हवा. व्हीसीआर बॉक्सचं चॅनल बदलत नाही. जुन्या यंत्रात घड्याळ जपणारा कपॅसिटर मेलेला असतो, वीज क्षणभर गेली तरी वेळ पुसली जाते आणि टायमरही जातो. रेकॉर्डिंगच्या दिवशी घड्याळ बघूनच बाहेर पडा.

सिनेमाच्या विकतच्या डीव्हीडीवरून घेणार असाल तर बहुधा चित्र लयीत उजळ-काळोखं होतं. तो नकलेला अटकाव करणारा मॅक्रोव्हिजनचा सिग्नल. यंत्र बिघडलेलं नाही.

पूर्वरंग (कोपरी, ठाणे पूर्व)

सगळ्यांचे मनापासून आभार. वाशीचं यंत्र घेतलं. फ्लाइंग इरेज नाही, पण हायफाय आहे आणि आवाज खरंच फार छान येतो. कॅसेट ११ निवडल्या: ७ ई-१८०, ४ टी-१२०. दोन ई-१८०मध्ये पांढरे ठिपके दिसले, त्या पिशवीत बांधून वेगळ्या ठेवल्या आहेत.

आता अडचण. त्याच यंत्रावर केलेलं रेकॉर्डिंग त्यावर स्वच्छ दिसतं. शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर तीच कॅसेट लावली तर पडद्याच्या वरच्या भागात दोन बोटं रुंदीचा मुंग्यांचा पट्टा राहतो. ट्रॅकिंग फिरवून तो सरकत नाही. आणि जुन्या कॅसेट माझ्या यंत्रावर लावल्या की तसाच पट्टा वरच दिसतो. हेड गेलं का?

हेडड्रम (नौपाडा)

हेड शाबूत आहे. हेड गेलं असतं तर स्वतःच्या रेकॉर्डिंगवरही मुंग्या दिसल्या असत्या. हा गाइडचा दोष आहे.

ड्रमच्या दोन्ही बाजूंना टेपला उंचीत धरणारे दोन उभे रोलर असतात. प्रत्येक फील्डचं चित्र, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, एका तिरक्या पट्ट्यात लिहिलं जातं. पट्ट्याची सुरुवात म्हणजे पडद्याचा वरचा भाग, तिथे डावीकडचा, टेप आत येतानाचा गाइड जबाबदार. पट्ट्याचा शेवट म्हणजे पडद्याचा खालचा भाग, तिथे उजवीकडचा. तुमचा पट्टा वर आहे, म्हणजे डावा गाइड वर-खाली झालाय. चुकीच्या उंचीवर लिहिलेलं त्याच चुकीच्या उंचीवर वाचलं जातं, म्हणून स्वतःचं स्वतः नीट दिसतं. अगदी तळाशी चार-सहा रेघा अस्वस्थ दिसल्या तर त्याकडे लक्ष देऊ नका. तिथे एक हेड सुटून दुसरं धरतं, ते प्रत्येक यंत्रात असतं.

दुरुस्तीआधी हेड आणि गाइड पुसून बघा, कधी-कधी रोलरच्या बुडाशी चिकटलेली भुकटीच टेप उचलून धरते. प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो, त्या बाजूला हात नेऊच नका. शॅमॉय कातड्याची काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा. ती ड्रमला आडवी, हलकी टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून दोन-तीन फेरे फिरवा. काडी वर-खाली अजिबात हलवू नका. हेडचं टोक ड्रममधून केसभर बाहेर असतं, उभ्या घासण्याने ते तुटतं. कानात घालायची कापसाची काडी वापरू नका, तंतू हेडला अडकतो. काडीवर तपकिरी डाग आला तर दुसरी घ्या. गाइड, ऑडिओ हेड, कॅपस्टन (पिंच रोलरशेजारची फिरती धातूची दांडी) सगळं पुसा. पिंच रोलरला मात्र अल्कोहोलचा मारा नको, रबर कोरडं पडतं. ओलसर कापड, मग कोरडं. १५ मिनिटं वाळू द्या.

तरीही पट्टा राहिला तर डाव्या गाइडच्या बुडाशी एक बारीक ग्रब स्क्रू असतो, तो पाव फेरा सैल करायचा. आधी गाइडच्या डोक्यावर आणि शेजारी मार्करने खूण करा, म्हणजे परत मूळ जागी येता येईल. दुसऱ्या चांगल्या यंत्रावर रेकॉर्ड झालेली कॅसेट लावा आणि गाइड एका वेळी एक अष्टमांश फेऱ्यापेक्षा कमी फिरवत पडदा बघा. पट्टा निघाला की ट्रॅकिंग दोन्ही बाजूंना फिरवून बघा. मुंग्या दोन्हीकडे सारख्या, पूर्ण पडद्यावर एकदम यायला हव्यात. मग ग्रब स्क्रू घट्ट. हाताला आत्मविश्वास नसेल तर जुन्या व्हीसीआरवर काम केलेल्या माणसाकडून करून घ्या, पण त्याला ‘डावा गाइड, वरचा पट्टा’ एवढं सांगा, म्हणजे तो हेड बदलायला सांगणार नाही.

आणि दुरुस्तीनंतर तुमची आधीची रेकॉर्डिंग याच यंत्रावर वरून खराब दिसतील. म्हणून महत्त्वाचं काही घेतलं असेल तर गाइडला हात लावण्याआधी ते दुसरीकडे उतरवून घ्या.

सेक्टर_आठ (ऐरोली)

ठिपक्यांच्या त्या दोन कॅसेट कोऱ्याच आहेत, त्यांच्यासाठी खटपट करू नका, टाकून द्या. अशी एखादी घरातली भरलेली कॅसेट निघाली तर मात्र टाकू नका. झिपच्या पिशवीत सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवा, ओली बुरशी वाळून भुकटी होते. मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर गॅलरीत, डबीचे पाच स्क्रू काढून, टेप मऊ बिनतंतूच्या कापडातून हाताने हळूहळू दुसऱ्या रिळावर घ्यायची. ती पहिल्यांदा चालवायला एखादं टाकाऊ यंत्रच वापरा. बुरशीची एक कॅसेट चांगल्या यंत्रात गेली की तिचे कण पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात.

साठवणीचं: रेकॉर्डिंग झालं की पूर्ण रिवाइंड करा, कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही, कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, पावसाळ्यात ती भिंत आतून थंड आणि ओली असते. घट्ट झाकणाच्या डब्यात दहा कॅसेटमागे ५० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे होईपर्यंत परता. डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांच्या वाफेने डबीचं प्लास्टिक मऊ पडतं. स्पीकरवर कॅसेट ठेवायची नाही हे तर आहेच.

जून ते सप्टेंबर यंत्र आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा. एसी खोलीतून उचलून दमट हॉलमध्ये आणलंत तर दोन तास तसंच राहू द्या. ड्रम थंड असतो, त्यावर पाणी धरतं आणि टेप त्याला चिकटते. पडद्यावर किंवा यंत्रावर ‘ड्यू’ असं दिसलं तर प्लग न काढता, कॅसेट आत न घालता, ते अक्षर जाईपर्यंत यंत्र नुसतं चालू ठेवा.

पूर्वरंग (कोपरी, ठाणे पूर्व)

नुसतं पुसूनच पट्टा बराच कमी झाला. डाव्या रोलरच्या बुडाशी तपकिरी कडं जमलं होतं. आता वर अगदी बारीक रेघ उरली आहे. गाइड फिरवायचा की असंच ठेवायचं?

हेडड्रम (नौपाडा)

असंच ठेवा. पाच-सहा तास चालवा आणि पुन्हा एकदा तोच रोलर पुसा. सुटलेली भुकटी दुसऱ्या वेळी निघते. मगच शेजाऱ्यांच्या यंत्रावर परत बघा.